ऑफिस सुटतं, ग्रुप सुटत नाही: कामाच्या मेसेजचा ताण आणि नोकरी सोडण्याचा विचार

इंदूर : फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूरच्या 'सॉफ्टग्रिड कॉम्प्युटर्स' या आयटी कंपनीतल्या एका कम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो लिंक्डइनवर आला आणि बघता बघता देशभर फिरला. शिफ्टची वेळ संपली, दहा मिनिटांत सिस्टीम बंद होईल, आता घरी जा, अशी सूचना त्या स्क्रीनवर होती. वेळ झाली की कर्मचाऱ्याचा कम्प्युटर आपोआप लॉक करणारी व्यवस्था कंपनीने बसवली होती. कामाच्या वेळेनंतर फोन नाही आणि मेलही नाही, असं कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून टाकलेल्या त्या पोस्टमध्ये म्हटलं होतं.

पोस्टवर दोन्ही बाजूंनी मतं आली. कोणी कौतुक केलं. कोणी विचारलं, काम अर्धवट राहिलं तर काय करायचं? वेळेची सक्ती करण्यापेक्षा वेळेची मोकळीक दिलेली बरी नाही का?

या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. कुलूप कम्प्युटरला लागतं, खिशातल्या फोनला लागत नाही. आज आपल्याकडचं बरंचसं ऑफिस त्या फोनमध्येच भरतं. ज्या अ‍ॅपवर मामेभावाच्या साखरपुड्याचे फोटो येतात, त्याच अ‍ॅपवर साहेबांचा "अर्जंट" मेसेजही येतो. या मिसळीतून जो ताण तयार होतो आणि तो माणसाला राजीनाम्याच्या विचारापर्यंत कसा नेतो, याची ही माहिती. बऱ्हाणपूर, खंडवा, खरगोन, बडवानीपासून जळगाव-धुळ्यापर्यंत अनेक घरांतलं कोणी ना कोणी इंदूर, पुणे किंवा मुंबईत नोकरीला असतं. त्यामुळे हा विषय फक्त मोठ्या शहराचा राहिलेला नाही.

हा ताण म्हणजे नेमकं काय?

'टेक्नोस्ट्रेस' हा शब्द नवा नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ मध्ये या नावाचं पुस्तकच लिहिलं. तेव्हा प्रश्न होता ऑफिसात नव्याने आलेल्या कम्प्युटरचा. पुढे २००८ मध्ये रागु-नाथन, मोनिदीपा तराफदार आणि सहकाऱ्यांनी या ताणाची पाच कारणं मांडली. ती आजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जशीच्या तशी लागू पडतात.

पहिलं, बोजा. म्हणजे यंत्रामुळे काम भराभर आणि जास्त येतं. दुसरं, घुसखोरी. घरच्या वेळेत कामाचा शिरकाव होतो. तिसरं, गुंतागुंत. रोज नवं अ‍ॅप, नवा फॉर्म, नवी लिंक. चौथं, असुरक्षितता. आपल्यापेक्षा कोणी जास्त तत्पर दिसला तर आपली जागा जाईल ही भीती. पाचवं, अस्थिरता. एक पद्धत अंगवळणी पडेपर्यंत दुसरी येते.

२०१५ मध्ये लारिसा बार्बर आणि अलेशिया सँटुझी या अमेरिकन संशोधकांनी 'टेलिप्रेशर' ही कल्पना मांडली. मेसेज आला की लगेच उत्तर दिलंच पाहिजे, अशी मनाला लागलेली ओढ म्हणजे टेलिप्रेशर. मेसेज किती आले यापेक्षा उत्तर देण्याची ही घाई माणसाला जास्त दमवते. म्हणूनच फोन शांत पडलेला असतानाही हात त्याच्याकडे जातो.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्या कामावर गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. जेवताना ऑफिसचा एक मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही, फोन बाजूला ठेवला. वेळ लागला दहा सेकंद. पण ताटावर बसलेल्या माणसाचं अर्धं डोकं पुढचा अर्धा तास तिकडेच असतं. घरचे म्हणतात, "अरे, आम्ही काय बोलतोय, लक्ष कुठंय तुझं?" तो खोटं बोलत नाही, तो म्हणतो, "काही नाही."

अ‍ॅपची रचनाच तशी

हा दोष फक्त माणसाच्या स्वभावाचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झालं ते मित्र आणि घरच्यांशी बोलण्यासाठी. ऑफिस चालवायला ते बनवलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिक आल्या आणि 'वाचलं की नाही' हे समोरच्याला दिसू लागलं. ही टिक सेटिंगमध्ये बंद करता येते. पण ती बंद केली तरी ग्रुपला लागू होत नाही. ग्रुपमध्ये मेसेज टाकणारा 'मेसेज इन्फो' उघडून कोणी कधी वाचलं ते पाहू शकतो. नेमकं जिथे साहेब असतात, तिथेच लपायची सोय नाही.

ग्रुपचा आकारही वाढत गेला. २०१६ मध्ये सदस्यांची मर्यादा २५६ झाली. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १,०२४ पर्यंत नेली गेली. म्हणजे एका विभागाचा ग्रुप हळूहळू अख्ख्या जिल्ह्याचा झाला. ज्या सूचनेचा आपल्याशी संबंध नाही, तीही वाचावी लागते. न वाचून चालत नाही, कारण शंभर मेसेजमध्ये एक आपला असू शकतो. वरून कोणी साहेबांना "जी सर" लिहिलं की मागोमाग चाळीस "जी सर" येतात.

ऑफिसच्या मेलमध्ये निदान कामाची नोंद राहते. कोणी काय सांगितलं, कधी सांगितलं, हे वर्षाने काढता येतं. ग्रुपवरचा आदेश मात्र तोंडी आदेशासारखा असतो. तो पाळला नाही तर दोष येतो, पण तो रात्री साडेदहाला दिला होता याचा हिशेब कुठल्याच हजेरीपटावर नसतो.

इंदूरमध्ये हा ताण कुठे कुठे?

इंदूर म्हटलं की आता डोळ्यांपुढे सुपर कॉरिडॉर येतो. तिथे टीसीएस आणि इन्फोसिसची मोठी केंद्रं आहेत. खंडवा रोडला क्रिस्टल आयटी पार्क आहे. बाहेरच्या देशांतल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ. इंदूरला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कच्या ऑफिसात अजून सकाळच असते. त्यामुळे 'कामाची वेळ' हा शब्दच तिथे सैल होतो.

पण गोष्ट आयटीवर थांबत नाही. आरएनटी मार्गावरचा दवा बाजार ही मध्य भारतातली औषधांची मोठी बाजारपेठ. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दिवसभर डॉक्टरांच्या दारात उभे असतात. त्यांचा रिपोर्ट आता मोबाईलवरून जातो, कुठे पोहोचलात ते लोकेशनही जातं आणि संध्याकाळी ग्रुपवर कोणाची विक्री किती याचा तक्ता पडतो. खालून दुसरा नंबर असलेल्याचं नाव सगळ्यांसमोर असतं. पूर्वी हेच बोलणं महिन्याच्या मीटिंगमध्ये बंद दाराआड व्हायचं.

महापालिकेचं पहा. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिलं आलं. 'इंदौर ३११' अ‍ॅपवर नागरिक कचऱ्याचा फोटो टाकतो आणि तक्रार थेट यंत्रणेकडे जाते. राज्याची १८१ क्रमांकाची सीएम हेल्पलाइन वेगळीच. तिथली तक्रार वेळेत निकाली निघाली नाही की ती वरच्या अधिकाऱ्याकडे चढत जाते. नागरिकाच्या दृष्टीने ही उत्तम सोय आहे आणि शहर त्यामुळेच चकाचक राहिलं, यात शंका नाही. पण प्रत्येक फोटोच्या दुसऱ्या टोकाला एक कर्मचारी असतो आणि त्याच्या फोनला सुट्टी नसते.

शाळांमध्येही तेच. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये सरकारी शिक्षकांसाठी 'हमारे शिक्षक' अ‍ॅपवरून ई-हजेरी सुरू झाली, तेव्हा शिक्षक संघटनांनी विरोध केला. सरकारचं म्हणणं, शिक्षक शाळेत वेळेवर हवेत. शिक्षकांचं म्हणणं, नेटवर्क नाही, स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा का वापरायचा? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र हजेरी, माहिती, फोटो, लिंक हे सगळं वैयक्तिक फोनवर आलं की शाळा सुटल्यावरही शाळा सुटत नाही, हे कोणीही शिक्षकाच्या घरी जाऊन पाहू शकतो.

अंगणवाडी सेविकांनी फोनच परत केले

या ताणाविरुद्ध आपल्या भागात झालेलं सगळ्यात ठळक आंदोलन आयटीवाल्यांनी केलेलं नाही, ते केलं अंगणवाडी सेविकांनी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आणलं. बालकांचं वजन, उंची, आहार याची नोंद त्यावर करायची होती. महाराष्ट्रात सेविकांना दिलेले सरकारी फोन कमी क्षमतेचे होते, ते गरम व्हायचे, अडकायचे. अ‍ॅपमधली इंग्रजी अनेकींना अडचणीची होती. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले.

या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. सेविकांनी काम सोडलं नाही. मुलांचं वजन करणं, आहार देणं चालूच होतं. त्यांनी कामाचं साधन नाकारलं आणि ते साधन सुधारून मागितलं. काम नको असणं आणि कामाची पद्धत नको असणं यात फरक आहे. एकटा कर्मचारी रात्री अकराला वैतागून "सोडूनच देतो ही नोकरी" म्हणतो, तेव्हा हा फरक त्याच्या लक्षात राहत नाही.

ताणापासून राजीनाम्यापर्यंत

माणूस एका दिवसात नोकरी सोडत नाही. अमेरिकन अभ्यासक विल्यम मोब्ली यांनी १९७७ मध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. आधी नाराजी, मग सोडण्याचा विचार, मग दुसरीकडे काय मिळेल याचा अंदाज, मग शोध, मग तुलना, मग सोडायचं असा इरादा आणि शेवटी प्रत्यक्ष सोडणं. मधल्या कुठल्याही टप्प्यावर माणूस थांबू शकतो.

कामाच्या मेसेजचा ताण यात कुठे बसतो? तो पहिल्या टप्प्यातली नाराजी रोज ताजी ठेवतो. ऑफिसातल्या वाईट दिवसाचा राग घरी येऊन, जेवून, झोपून बराचसा उतरतो. पण रात्री पुन्हा ग्रुप वाजला तर उतरायला जागाच मिळत नाही. थकवा साचतो. मग चिडचिड, मग कामाबद्दल एक प्रकारचा कडवटपणा, मग 'आपल्याच्याने होत नाही' ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तिच्यात हीच तीन लक्षणं आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि कामात आपली क्षमता कमी झाल्याचं जाणवणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, असं म्हटलं आहे. शब्द महत्त्वाचा आहे. आजार म्हटला की इलाज एकट्या माणसावर करायचा. कामाच्या जागेचा ताण म्हटला की कामाची जागाही तपासावी लागते.

शरीराचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो.

न दिसणारा तेरावा महिना

ग्रुपवरचं काम तासांत मोजलं जात नाही, म्हणून ते फुकट वाटतं. एक साधं उदाहरण मोजून पाहू.

समजा एखाद्याचा पगार महिना २६,००० रुपये आहे आणि तो महिन्यात २६ दिवस, रोज ८ तास काम करतो. म्हणजे दिवसाचे १,००० आणि तासाचे १२५ रुपये. आता तो घरी आल्यावर मेसेज वाचणं, उत्तरं देणं, फोटो आणि आकडे पाठवणं यात रोज ४५ मिनिटं घालवतो. महिन्याचे झाले साडेएकोणीस तास. साध्या दराने त्याची किंमत सुमारे २,४३७ रुपये. ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने ४,८७५ रुपये.

वर्षाचा हिशेब केला तर २३४ तास होतात. आठ तासांचा दिवस धरला तर २९ दिवस भरतात. त्याचा कामाचा महिना २६ दिवसांचा. म्हणजे हा माणूस बारा महिन्यांच्या पगारात तेरा महिन्यांपेक्षा जास्त काम करतोय. आणि यात 'मेसेज येईल' म्हणून वाट पाहण्यात गेलेला वेळ धरलेलाच नाही.

मालकाची बाजूही आहे

सगळेच साहेब दुष्ट असतात असं नाही. लहान दुकानदार, ट्रान्सपोर्टवाला, क्लिनिक, सहकारी पतसंस्था, यांना व्हॉट्सअ‍ॅपसारखं स्वस्त साधन दुसरं नाही. गाडी घाटात बंद पडली, रात्री पेशंट आला, बँकेचं सर्व्हर बसलं, तर मेसेज करावाच लागतो. बऱ्याच साहेबांच्याही डोक्यावर वरचा ग्रुप असतो आणि तिथला दबाव ते खाली ढकलतात. कित्येकदा साहेब आठवलं म्हणून रात्री लिहून ठेवतो, त्याला उत्तर उद्याच हवं असतं. पण ते तो लिहीत नाही आणि समोरचा विचारत नाही. निम्मा ताण या न बोललेल्या गोष्टीत असतो.

शिवाय वातावरणही तसं. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं मत मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या वक्तव्यावर गदारोळ झाला. त्याआधी, २०२४ मध्ये पुण्यात ईवाय कंपनीत काम करणाऱ्या केरळच्या २६ वर्षांच्या सीए तरुणीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कामाच्या बोज्याबद्दल कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाला दखल घ्यावी लागली. तेव्हापासून मराठी घरांत हा विषय उघड बोलला जाऊ लागला. "पगार चांगला आहे ना, मग सहन कर" म्हणणारे आईवडीलही आता "जेवलास का, झोपलास का" आधी विचारतात.

कायदा काय म्हणतो?

भारतात कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट' हे खासगी विधेयक मांडलं होतं. वेळेनंतर उत्तर दिलं नाही म्हणून कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ नये, असा त्याचा गाभा. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. पण खासगी विधेयकांचं कायद्यात रूपांतर होणं आपल्याकडे फार दुर्मीळ आहे, हेही लक्षात ठेवावं.

कामाच्या तासांवर मर्यादा मात्र आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर ठेवला आहे. दुकानं आणि खासगी ऑफिसांसाठी राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. मध्य प्रदेशचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा २०१७ चा. अडचण दोन ठिकाणी येते. एक, व्यवस्थापकीय पदावरचे लोक 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. दोन, घरून दिलेलं मेसेजचं उत्तर हे 'काम' म्हणून नोंदलंच जात नाही.

बाहेर काय चाललंय? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक झालं. पोर्तुगालने २०२१ मध्ये वेळेनंतर कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या संपर्काला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क मिळाला, लहान धंद्यांना तो वर्षभराने लागू झाला.

राजीनाम्याआधी ग्रुप सोडवून पाहा

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हातात असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत.

फोनवर: ज्या ग्रुपमध्ये फक्त सूचना येतात तो म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकावा. दोन सिम असतील तर कामाचा नंबर वेगळा करावा. २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालवता येतात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरणाऱ्यांना कामाच्या वेळेनंतर आपोआप जाणारा 'अवे मेसेज' लावता येतो. 'ऑनलाइन' दिसणं आणि कोणी आपल्याला ग्रुपमध्ये टाकावं, हे दोन्ही सेटिंगमध्ये ठरवता येतं.

साहेबांशी: वाद घालण्यापेक्षा प्रश्न विचारावा. "सर, रात्रीचे मेसेज लगेच बघायचे की सकाळी चाललं तर चालेल? अगदी तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलतो." पुष्कळ ठिकाणी एवढ्याने निम्मा भार उतरतो, कारण समोरच्यालाही मेसेज आणि फोन यातला फरक ठरवून मिळतो.

साहेबांसाठी: रात्री सुचलं तर लिहून ठेवा, पाठवा सकाळी. मेसेजमध्ये 'उद्या ११ पर्यंत' असं स्पष्ट लिहा. ग्रुपवर कोणाचं अपयश जाहीर करू नका. "जी सर" ची अपेक्षा ठेवू नका. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या जागी नवा शोधून तयार करायला जो खर्च येतो, त्यापुढे हे काहीच नाही.

हे करून महिना-दोन महिने पाहावं. ग्रुप शांत झाल्यावरही सकाळी ऑफिसला जायची इच्छा होत नसेल, तर मग प्रश्न मेसेजचा नाही, कामाचा आहे. तेव्हा राजीनाम्याचा विचार करणं रास्त आहे.

सोडायचंच असेल तर आधी हे तपासा

ग्रॅच्युइटी: कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग ५ वर्षांनंतर मिळते. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार २०,००० आणि ५ वर्षं असतील तर रक्कम सुमारे ५७,६९२ रुपये होते. साडेचार वर्षांवर वैतागून सोडणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा.

पीएफ: सलग ५ वर्षं पूर्ण होण्याआधी काढला तर कर लागू शकतो. तेवढ्यासाठी तो काढू नये, त्याच यूएएनवर नव्या कंपनीत वर्ग करावा. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते आणि वर्ग केल्यावर वर्षं जोडली जातात.

नोटीस: नियुक्तिपत्र काढून कालावधी वाचावा. राजीनामा ग्रुपवर किंवा मेसेजवर देऊ नये, मेलवर द्यावा आणि पोच घ्यावी. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र हातात आल्याशिवाय हिशेब पूर्ण झाला असं समजू नये.

विमा: कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. घरात वयस्क आईवडील असतील तर पॉलिसी पुढे चालू ठेवता येईल का, हे शेवटच्या दिवसाआधीच विचारावं.

घरखर्च: कर्जाच्या हप्त्यांसह किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. नसेल तर आधी दुसरी नोकरी, मग राजीनामा.

झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर हे हिशेब बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दोन्ही राज्यांतून लागतो, फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.